समुद्राकडची भिंत

आमच्या गावातल्या जुन्या घरांना समुद्राकडे खिडकी नाही. पाहुणे हसतात. पण तेव्हा समुद्र म्हणजे कामाची जागा. घरी आल्यावर पुन्हा त्याचं तोंड कोण बघणार? मग सुट्टीवाले येऊ लागले, त्यांना नेमका समुद्रच हवा होता, आणि माझ्या नवऱ्याला कामाची ददात राहिली नाही. हे गवंडी. पंधरा वर्षांत ह्यांनी निम्म्या गावाच्या भिंती फोडून खिडक्या बसवल्या. आमची भिंत मात्र तशीच, कारण आमच्या घरात सासूबाई आहेत.

सासूबाईंनी जाळी विणली, मासळी विकली आणि एकुलत्या एका मुलाला होडीत पाऊल टाकू न देता गवंड्याच्या हाताखाली घातलं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वरची खोली पाहुण्यांना देऊ या, असं मी दर वर्षी म्हणायची. "भिंतीला हात लावायचा नाही," एवढंच उत्तर.

यंदा ह्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ बंदी केली. मग मीही पदर खोचला.

"आई, खिडकी नाही तर पाहुणा नाही. आणि पाहुणा नाही तर आपण खायचं काय?"

त्या म्हणाल्या, "वादळ झालं की मी ह्या भिंतीला पाठ लावून बसायचे. तुझे सासरे बाहेर असायचे. समोर दिसलं असतं तर वेडच लागलं असतं मला." सासरे दर वेळी परतले, गेले ते घरातच, अंथरुणावर. "फोडा," त्या म्हणाल्या.

गडी लावले. ह्यांनी खुर्चीत बसून हुकूम सोडले आणि गावातल्या सगळ्या खिडक्यांपेक्षा हातभर मोठी खिडकी करून घेतली.

पहिले पाहुणे चारला यायचे होते. तीनला मी धुतलेल्या चादरी घेऊन वर गेले, तर सासूबाई खिडकीशी खुर्ची ओढून बसलेल्या.

"काय बघताय, आई?"

"काही नाही गं. आता तिथे आपलं कोणी नाही. नुसतं बघतेय."

सत्तर वर्षं समुद्राकाठी काढलेली बाई! चादरी तिथेच ठेवून मी खाली आले.

पाहुणे ठरल्या वेळेला आले. खोली तयार नाही, असं सांगून मी त्यांना सहा वाजेपर्यंत चहावर बसवून ठेवलं.