दूध संस्थेतला रंगीत पडदा

निळ्या केसांची, तांबड्या तोंडाची आणि हिरव्या पदराची बाई बातम्या देताना तुम्ही कधी पाहिली आहे का? आम्ही रोज संध्याकाळी पाहायचो!

वडवणीजवळच्या आमच्या गावात दूध संस्था होती आणि मी तिथे क्लार्क होते. बारावी झालेली, टायपिंग शिकलेली, म्हणून लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे. ते दोन उन्हाळे दुष्काळाचे होते. बायका चार-सहा कप दूध घालायच्या आणि टँकरची वाट बघत संस्थेच्या ओट्यावर बसून राहायच्या. माणसं रिकामी बसली की गमती घडतात. दुधाचे कॅन अर्धेसुद्धा भरत नव्हते, गमती मात्र रोज उतू जायच्या!

त्या बायकांत आमची गयामावशी होती. तिच्याकडे एकच म्हैस उरली होती, राधी. गावात जनावरांची छावणी उघडली तर राधीला चारा मिळणार, नाहीतर तिला बाजार दाखवावा लागणार. त्यामुळे कोणी काहीही बोललं तरी मावशी शेवटी विचारायची, "ते समदं खरं, पर छावणी कवा?"

* * *

आधी ती निळ्या केसांची बाई. संस्थेचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. आमच्या चेअरमनना, म्हणजे अण्णांना, ते कमीपणाचं वाटायचं. त्यांनी बीडहून एक प्लास्टिकचा रंगीत कागद आणला आणि काचेवर चिकटवला. वर निळा पट्टा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. झाला कलर टीव्ही!

बातम्या चालून जायच्या. पंचाईत झाली कुस्तीच्या दिवशी. पैलवान उभा असला की डोकं निळं, पोट तांबडं, पाय हिरवे. पाडला की सगळाच्या सगळा हिरवा! आणि उचलून उलटा केला की त्याचे पाय निळे व्हायचे.

सेक्रेटरी कांबळे साहेब शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "अण्णा, यात कोण कोणता तेच कळंना."

अण्णा म्हणाले, "त्यात काय कळायचंय? जो हिरवा झाला तो हरला. पंचाची गरजच न्हाई!"

* * *

पुढे जिल्ह्याच्या ऑफिसातून त्यांचा जुना, पण खराखुरा कलर टीव्ही आम्हाला मिळाला. ओट्यावरच्या बायकांनाही ऐकू जावं म्हणून अण्णांनी संस्थेचा मोठा लाऊडस्पीकर त्याला अगदी चिकटून ठेवला. दोन दिवसांत पडद्याचा उजवा कोपरा जांभळा झाला. त्या बाजूला येईल तो माणूस जांभळा! एक पुढारी भाषण करत होते, त्यांचं निम्मं तोंड साधं आणि निम्मं पिकल्या जांभळासारखं.

"हे विरोधी पार्टीचं काम हाय!" अण्णा म्हणाले.

शेवटी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शेख मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी लाऊडस्पीकर लांब नेला. मग पिशवीतून तारेचं एक मोठं कडं काढलं, त्याची पिन लावली आणि ते कडं टीव्हीसमोर गोल गोल फिरवायला लागले. पडद्यावर सगळे रंग गरगर फिरले! मिस्त्री कडं फिरवत फिरवत एकेक पाऊल मागे सरकत होते. ओट्यावरच्या बायकांनी डोक्यावर पदर घेतले. दोघींनी हात जोडले. एक तर हळदीकुंकू आणायला धावली.

मिस्त्री घाबरले. "ओ मावशी, ओवाळायलो न्हाई मी! स्पीकरमधल्या लोहचुंबकानं रंग बिघडलेत, ते जाग्यावर आणायलोय!"

जांभळा कोपरा खरंच गेला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

गयामावशी उठून म्हणाली, "मिस्तरी, कायबी असू द्या. जाता जाता तेवढं माझ्या म्हशीवरून बी एकडाव फिरवा!"

* * *

कॉम्प्युटरही असाच कुणाचा तरी जुना आला. त्याच्याकडे सगळे मिळून सोळा रंग. अण्णांनी बीडला आपला फोटो त्यात घालण्यासारखा करून आणला आणि म्हणाले, "हे मशीन चालू झालं की आधी मी दिसलो पाह्यजे."

मी फोटो उघडला. अण्णा दिसले, पण तोंडभर लाल-पिवळे ठिपके!

"कांबळे!" अण्णा ओरडले. "मला देवी कवा आलत्या हो?"

कांबळे साहेबांनी समजावलं, "अण्णा, तुमच्या तोंडाचा रंग याच्याकडे नाही. मग हे काय करतं, लाल आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी मांडतं. जवळून ठिपके दिसतात, लांबून बघितलं की मिसळून जातात. जरा मागं सरका."

अण्णा दारापर्यंत मागे गेले. "अजून देवी हायतच."

ओट्यावर गेले. "जरा कमी झाल्या."

मग पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून लिंबाच्या झाडाला टेकले आणि तिथून ओरडले, "आता जमलं! आता बरोबर मी हाय!"

गयामावशी म्हणाली, "अण्णा, तुमी लांबूनच लई बरे दिसता. मतं मागायला येताल तवा तिथंच हुभं ऱ्हावा!"

* * *

एकदा बायकांना दुधाळ गाय कशी ओळखावी याची माहिती द्यायची होती. त्यासाठी कॉम्प्युटरवर एका परदेशी गाईचं सुंदर चित्र आलं होतं. पण मशीन इतकं संथ, की चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरायचं. आधी आभाळ, मग शिंगं, मग कान. गाईचं तोंड पुरं होईपर्यंत चहा होऊन जायचा. आणि पोट अर्ध्यावर आलं की लाईट जायची!

तीन दिवस हेच. तीन दिवस बायका गाईची शिंगं बघून घरी गेल्या.

चौथ्या दिवशी गयामावशी माझ्यावरच भडकली. "शोभा, दूध काय शिंगातून निघतंय का? आमाला कास दाव!"

कांबळे साहेब बराच वेळ विचार करत बसले. मग त्यांनी चित्रच उलटं करून ठेवलं. पाचव्या दिवशी आधी गवत आलं, मग चार खुर वरच्या बाजूला, आणि लाईट जायच्या आत भरगच्च कास दिसली. सगळ्या बायका माना वाकड्या करून बघत होत्या.

"गाय चांगली हाय," मावशी म्हणाली. "पर मेल्याली दिसती!"

* * *

दुसऱ्या उन्हाळ्यात राधीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मावशीने सांगून टाकलं, "आता येत्या बाजारात न्हेते. डोळ्यांदेखत उपाशी मारण्यापरीस ते बरं." बाजार तीन दिवसांवर होता. आणि मावशी हे बोलली त्याच दिवशी छावणी द्यायची की नाही ते ठरवायला तालुक्याचे साहेब आले.

साहेब तरुण होते, बोलायला नम्र. सोबत लॅपटॉप. त्यांनी तो ओट्यावरच्या टेबलावर उघडला आणि उपग्रहावरून काढलेला नकाशा दाखवला. गडद हिरवं म्हणजे भरपूर चारा, फिकट हिरवं म्हणजे थोडा, तपकिरी म्हणजे काहीच नाही. आजूबाजूची गावं तपकिरी होती. मधोमध आमचं गाव, गडद हिरवंगार!

अण्णा आधी खूश झाले. "बघा, आपलं गाव कसं उठून दिसतंय!" मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते मटकन खाली बसले.

मी म्हणाले, "साहेब, ती येडी बाभळ आहे. आमचं सगळं माळरान तिनं भरलंय. दुष्काळातही ती हिरवी राहते, पण तिच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही."

"ताई, मला पटतंय," साहेब म्हणाले. "पण नकाशात झाडाचं नाव येत नाही, नुसता रंग येतो. हिरव्या गावाला छावणी मागितली तर वरचे मलाच विचारतील, की इतका चारा असताना कशाला पाहिजे?"

गयामावशी उठली आणि निघून गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली.

दहा मिनिटांनी ती आली ती राधीला घेऊन! पायऱ्यांवरून ओढत ओढत तिने म्हशीला थेट ओट्यावर चढवलं. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"साहेब, तुमच्या ह्या डब्यात लई चारा हाय म्हणता ना? मग घाला हिला खायाला."

राधीने मान लांब केली. लॅपटॉप हुंगला. मग जाडजूड जीभ बाहेर काढून तिने आमचं सगळं गाव खालून वरपर्यंत चाटलं. थांबली. पुन्हा एकदा चाटलं. आणि मान वळवून साहेबांकडे बघत राहिली.

अण्णा हळूच म्हणाले, "साहेब, न्हाई खाल्लं तिनं."

साहेबांनी खिशातला रुमाल काढून पडदा पुसला. नकाशा होता तसाच हिरवा होता. त्यांनी लॅपटॉप मिटला, छावणीच्या अहवालाचा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"मावशी, हिचं नाव काय?"

"राधी."

साहेबांनी ते नाव कागदावर लिहून घेतलं आणि ते जीपमध्ये बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उसाच्या वाढ्यांनी, म्हणजे हिरव्या शेंड्यांनी, भरलेला छावणीचा पहिला ट्रक गावात आला.