वाक्यात उपयोग करा

ऑब्स्टिनेट हा शब्द आजही कुठे कानावर पडला की मला आमचं मेहकरचं घर आठवतं आणि जीव हळवा होतो. आमच्याकडे हट्टी मुलाला हट्टी म्हणत नसत, ऑब्स्टिनेट म्हणत. वडील तहसील कचेरीत कारकून. इंग्रजी अमदानीतल्या फायली चाळून असले शब्द त्यांच्या तोंडात बसले होते. हट्टी पोर खाऊ दिला की गप्प होतं, ते सांगत. ऑब्स्टिनेट माणसाला कळतं सगळं, पण तो ऐकत नाही. शाळेत इंग्रजी सुरू व्हायच्या आधीच मला तो शब्द येत होता, इतका तो आम्हा बहिणींच्या वाट्याला यायचा. मोठ्यांनी तो लहानांना म्हणायचा. उलट म्हणायची कुणाची टाप नव्हती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. ताई मॅट्रिकला होती आणि डोणगावहून तिला स्थळ आलं. त्यांना लग्न माघात हवं होतं, परीक्षा मार्चात. परीक्षा तेवढी देऊ द्या, मग म्हणाल तिथे लग्न करते, असं सांगून ताई थकली. चांगलं घर हातचं जाईल, हे वडिलांचं पालुपद. बापलेकींचं बोलणंच बंद झालं. मला तेव्हा वडिलांचा फार राग यायचा.

पाहायला मंडळी आली. पोहे झाले, स्वयंपाक, विणकाम विचारून झालं. मुलाचे मामा हायस्कुलात मास्तर. त्यांची मास्तरकी कुठे जाणार? एखादा अवघड इंग्रजी शब्द घे, म्हणाले, अर्थ सांग आणि वाक्यात उपयोग कर.

ताईने ऑब्स्टिनेट घेतला. दाराआड मला धडकीच भरली. अर्थ, दुराग्रही, असं सांगून तिने मामांना सोडून वडिलांकडे पाहिलं.

"माय फादर इज नॉट ऑब्स्टिनेट."

मामा खूश झाले. आईने मला खुणेने विचारलं. माझे वडील हट्टी नाहीत म्हणाली, मी सांगितलं. आईला हायसं वाटलं. वडील मात्र रिकाम्या बशीत चमचा फिरवत बसले.

मुलगी पसंत असल्याचा निरोप आला, तेव्हा वडील रजा टाकून एसटीने डोणगावला गेले. परीक्षेपर्यंत थांबा, म्हणाले. ती मंडळी थांबायला तयार होईनात, तेव्हा स्थळ मोडून परत आले.

आईने कपाळाला हात लावला. "चालून आलेलं स्थळ काऊन मोडलं तुमी?"

वडिलांनी टोपी खुंटीला अडकवली. "पोरीनं चार लोकांत सांगितलं, मी हट्टी नाही म्हणून. आता कोन्त्या तोंडानं हट्ट धरू मी?"

आतल्या खोलीत ताई मोठ्याने भूगोल वाचत होती. तिचा आवाज बंद पडला. पाहुण्यांसमोर न डगमगलेली माझी ताई पुस्तकात तोंड खुपसून रडायला लागली.

वडील बाहेरूनच म्हणाले, "थांबली काऊन? वाच."