क्रोमियम, अधिक सहा

मंडळी, आज सकाळी शेजारच्या सईला ऑक्सिडेशन नंबर शिकवत होते. क्रोमिक अ‍ॅसिडमधल्या क्रोमियमचा तिने अचूक काढला, अधिक सहा. मला बाबा आठवले.

पन्नासच्या दशकात माझे बाबा कल्याणच्या एका कारखान्यात सायकलच्या हँडलांना क्रोमचा मुलामा द्यायचे. ह्याच अ‍ॅसिडच्या हौदावर दिवसभर वाकलेले असायचे. नाकातून रक्त यायचं.

आई रडायची, "अहो, सोडा ते काम."

"उष्णता आहे गं, जाईल."

नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं, मग फुप्फुसं गेली. मी नववीत असताना ते वारले.

अधिक सहा विषारी असतं, हे मला कॉलेजात कळलं.

सईला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "आजी, मालकाला माहीत होतं का?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?