बुढ्याले दिसते का?

वेबसाइटचं पान आवडलं की नाही हे मॅडम तुमच्याकडे बघून कधी सांगत नसत. खिडकीपाशी एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर होता, त्याच्याकडे मान वळवून विचारत, "बुढ्याले दिसते का?" बुढा म्हणजे तोच. त्याच्यातला ब्राउझर, म्हणजे वेबसाइटची पानं उघडणारा प्रोग्रॅम, फार जुना होता आणि मॅडमनी तो मुद्दाम तसाच जपला होता. सिंदेवाहीच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासमधली बाकीची यंत्रं बदलली, बुढा जागचा हलला नाही. त्याला धड दिसलं नाही ते पान पुरं झालं नाही, हा त्यांचा कायदा.

मॅडम भद्रावतीला कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या, बीएस्सी. आवाज भोंग्यासारखा. स्वतःच्या हुशारीबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "या भागात मले विचारल्याबिगर कोनाची वेबसाइट सरळ उभी राहत नाई," असं चहा ओतता ओतता सांगत. ते खरं होतं, म्हणून जास्त राग यायचा.

मी तेव्हा मजुरांच्या संघटनेत नवी. हात पत्रकं लिहून तयार झालेला. संघटनेच्या वेबसाइटचं पहिलं पान मी तसंच केलं: काळी जमीन, लाल अक्षरं, प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह आणि मधोमध वळलेली मूठ. चंद्रपूरच्या आमच्या ऑफिसातल्या नव्या यंत्रावर ती मूठ अंधारातून उसळून यायची. बुढ्यावर तिच्याभोवती राखाडी चौकोन उमटला. मॅडम पोट धरून हसल्या. "घ्या! तुमची क्रांती बुढ्यानं डब्यात भरली!"

मी भडकले. म्हटलं, वर पट्टीच लावते, 'तुमचा ब्राउझर कालबाह्य आहे, ताबडतोब बदला!'

"अवो पत्रकवाली बाई, तहसीलातला बाबू तुह्या म्हनन्यानं मशीन बदलन? तो पान बंद करन अन् चहा प्याले जाईन."

गावांच्या वाट्याला दरवेळी शहरातून उतरलेली यंत्रं येतात हा अन्याय आहे, असं मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. मॅडमना ते मान्य होतं. फक्त तो मिटेपर्यंत हातावर हात ठेवून बसायला त्या तयार नव्हत्या.

त्यांच्या घरी पंगत असली की दात पडलेल्यांसाठी थोडा भात वेगळा, मऊ काढून ठेवत. पानांचंही तेच. कुठं काय दिसावं, रंग कोणता, अक्षर केवढं, हे सांगणारी एक फाइल सगळ्यांसाठी. आणि एक छोटी, एकट्या बुढ्यासाठी. "वरण-भात तोच," त्या म्हणत, "बुढ्याचा जरा जास्त शिजवा लागते, एवढंच."

मला हे सगळं म्हणजे लाड वाटायचे. मग मिरचीचं प्रकरण झालं.

सिंदेवाहीजवळच्या एका गावातली ढीवर आणि बौद्ध घरांतली माणसं नदीपलीकडे, आंध्रात, मिरची तोडायला गेली होती. जास्त बायाच. तोडणी संपली तरी ठेकेदार त्यांना सोडेना. मारतो, कोंडतो, असे निरोप येत होते. तिकडच्या सरकारी ऑफिसातला एक कारकून भला निघाला. फोनवर हिंदीत म्हणाला, चेहरे आणि नावं दाखवा, म्हणजे साहेब माणसं ओळखून सोडवून आणतील. मेलला जोडलेले फोटो त्याच्याकडे उघडेनात, म्हणून मी वेबसाइटवर पान केलं. वर फोटोंची रांग, खाली नावांची. आमच्या नव्या यंत्रावर झकास दिसत होतं; बुढ्याला दाखवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "बहनजी, आपकी शेवंता को मूँछ कैसे है?"

साहेब पानाची छापील प्रत घेऊन, माणसं कोंडली होती त्या मिरचीच्या शेडवर गेले होते. ठेकेदारानं ती बघितली आणि तो हसला. म्हणाला, यांची माणसंच खोटी आहेत. साहेब परत आले.

मी तशीच एसटीनं सिंदेवाहीला.  त्या ऑफिसविरुद्ध पत्रक काढते म्हटलं, भंगार यंत्रं ठेवतात आणि लोकांच्या जिवाशी खेळतात!

"पत्रक मंग काढजो," मॅडम म्हणाल्या. "आधी बाया आन."

त्यांनी पान बुढ्यावर उघडलं. फोटोंच्या रांगेतला शेवटचा फोटो घसरून खाली गेला होता, त्याच्या धक्क्यानं नावांची सगळी रांग एकेक घर सरकली होती. शेवंताच्या नावावर बायांसोबत तोडणीला गेलेल्या मिशीवाल्या लक्ष्मण मामाचा फोटो. मॅडम या वेळी हसल्या नाहीत.

"फोटो अन् नाव दोन ताटात काऊन वाढलं तू? एकाच ताटात पायजे. घसरलं तरी दोघं संगंच घसरतीन." माझी सगळी सजावट त्यांनी उडवली. प्रत्येकाला साधी चौकट, आत चेहरा, चेहऱ्याखाली त्याचंच नाव. चौकटी एकीखाली एक. प्रत्येक चौकट भरली की मला मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः बुढ्यासमोर बसून चेहरा बघत. "शेवंता. हो, गालावर तीळ. पुढं."

कारकुनाला फोन लावला. त्यानं पान उघडलं. एकेक नाव वाचून चेहरा बघत गेला. मग तो म्हणाला, "हाँ. अब सब अपनी-अपनी जगह पे हैं." साहेब नवी छापील प्रत घेऊन पुन्हा शेडवर गेले.

पुढं मॅडम नागपूरला गेल्या. क्लासच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मला त्या आठवतात त्या मात्र सिंदेवाहीच्या बस स्टँडवर. गडचिरोलीहून आलेल्या एसटीतून बाया उतरत होत्या, वाळलेल्या, मिरचीनं हात सोललेल्या, पण सगळ्या. मॅडमनी त्यांच्यातल्या एकीलाही आधी पाहिलेलं नव्हतं. पायरीशी उभ्या राहून एकेकीचा हात धरून खाली घेत होत्या.

"ये शेवंता. सांभाळून. तू रुखमा नं? ये. लक्ष्मण मामा, पिशवी द्या इकडं."

शेवंता थबकली. "बाई, तुमी मले कशा वळखता?"

 मॅडम गर्रकन वळल्या आणि घंटीच्या दोरीला हात घातलेल्या कंडक्टरवर ओरडल्या, "अरे थांब नं! दिसत नाई का तुले? बाया उतरून राह्यल्या!"