पाच रकाने आणि माझी सही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, तर दिनकर मोघे यांचे. जर्मनीत र्युसेल्सहाइममधल्या आम्हा मराठी मंडळींचे दिनूकाका. सहा आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा, फोन आला. ती जर्मनमध्येच बोलते. "पापा गेले," म्हणाली.

औशासारख्या गावातून, घरातला पहिला पदवीधर म्हणून मी इथे नोकरीला आलो तेव्हा मला धड जर्मन येत नव्हतं. काकांनी घर मिळवून दिलं, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवण्याच्या, रांगेत माझ्यासोबत उभे राहिले, आणि वर्षभर दर गुरुवारी स्वयंपाकघरात बसवून कामाची भाषा शिकवली. ते कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले, मी त्याच कामात नवा. एकदा मी एका मापाचा आकडा अंदाजाने लिहिल्याचं त्यांना सांगितलं. हसत सांगितलं, त्याची आजही लाज वाटते. काका हसले नाहीत. "सुधीर, मोजलं नसेल तर रकाना रिकामा सोड. रिकाम्या रकान्याने कुणाचं नुकसान होत नाही रे."

तरुणपणी काका दोन वर्षं अमेरिकेत होते. लग्नानंतर काकूंना घेऊन, जुनी गाडी विकत घेऊन, शिकागोहून पश्चिमेला जाणाऱ्या जुन्या महामार्गाने ते फिरले होते. आता त्याच्या शेजारून मोठा रस्ता गेला आहे. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, आणि काका त्या रस्त्याबद्दल आदल्या आठवड्यात जाऊन आल्यासारखे बोलत. एका पेट्रोलपंपाच्या मालकाने काकूंचं लुगडं बघायला आपल्या म्हाताऱ्या आईला घरातून हात धरून आणलं होतं. एका खानावळीच्या विधवा बाईने काकू मांस खात नाहीत हे कळल्यावर त्यांना थेट शेगडीपाशी नेलं, आणि त्या दिवशी तिथल्या ट्रकवाल्यांनी बटाट्याची भाजी खाल्ली. "तिखट लागली तरी एकाने टाकली नाही," काका सांगत. "गेनाऊ, अगदी एकानेही नाही. मी मात्र टाकली असती."

कामासाठी मला चार आठवडे शिकागोजवळ जायचं ठरलं, तेव्हा काकांनी शिसपेन्सिलीने एक तक्ता आखून दिला. पाच ठिकाणं, पुढे आहे की नाही, काय बघितलं, तारीख, सही. "माणसं गेली असतील. भिंती तरी आहेत का, एवढंच बघ. जमलं नाही तर नाही."

मला दोन रविवार मोकळे होते. मी गेलो नाही. परतीच्या विमानात फ्रँकफर्ट यायला तासभर असताना तक्ता काढला आणि पाचही ठिकाणी 'आहे' लिहिलं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल, इतकाच विचार केला. खाली सही केली.

काकांनी चष्मा पुसून तक्ता दोनदा वाचला. "मोटेलच्या पाटीवरचा हिरवा बाण? लागतो अजून?"

"लागतो की, काका."

"आणि ती खानावळ… आत गेला होतास?"

"बंद होती. रविवार होता ना."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचं तिकीट काढलं. वय चौऱ्याहत्तर. निघायला दीड महिना होता. रोज सांगायचं ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. विमानतळावर मीच त्यांना सोडलं. खानावळीत कुणी असलं तर द्यायला त्यांनी काकूंचा तिथला फोटो मोठा करून घेतला होता. माझ्यासमोर तो त्यांनी दोन शर्टांच्या मध्ये नीट ठेवला. मी बॅगेची चेन लावून दिली.

आणायलाही मीच गेलो. गाडीत म्हणाले, "पाय दुखतात रे. तिकडे रस्ते फार रुंद केलेत." मग माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. दारात उतरताना म्हणाले, "चहाला वर ये." मी काम असल्याचं सांगितलं. त्यानंतर आठ महिने मी त्यांच्याकडे गेलो नाही, आणि त्यांच्या शेवटच्या आठवड्यात, तो शेवटचा आहे हे माहीत नसताना, त्यांना पत्र टाकलं.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर मुक्ताने मला तो तक्ता दाखवला. माझ्या प्रत्येक 'आहे'पुढे काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: मक्याचं शेत. पार्किंग. मक्याचं शेत. कुंपण, आत काही नाही. पाचव्या ओळीत फक्त, 'सापडलं नाही, दोनदा फिरलो.' माझी सही त्यांनी खोडली नव्हती.

माझं पत्र टेबलावर उघडलेलं सापडलं. मुक्ताला मराठी ऐकून समजतं, पण वाचता येत नाही. "यात काय आहे, सुधीरदादा?" तिने विचारलं. "नंतर सांगतो," म्हणालो. आता हा लेख कुणीतरी तिला वाचून दाखवेल, म्हणून ते पत्र इथे देतो.

"ती. दिनूकाकांस, सा. न.

मी त्या रस्त्यावर गेलोच नव्हतो. दोन्ही रविवारी सहकाऱ्यांबरोबर एका मोठ्या दुकानात होतो. बूट घेतले आणि एक बॅग. हिरवा बाण लागतो हे मनानेच सांगितलं. तुम्ही परत आलात तेव्हा तुम्हाला सगळं कळलेलं होतं, आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. त्या न विचारण्याच्या आड मी आठ महिने लपलो. येत्या रविवारी येतो. मला आत घेऊ नका, काका. आधी दारातच विचारा.

आपला,
सुधीर"