बैलाचं आवतन

ये पोरी, जवळ ये. कागदावरूनच बोलते आहे मी, पण तू समज की माझ्या खाटेच्या कडेला बसली आहेस. आज थोडं रागावणार आहे. मागच्या खेपेला निघताना तू शेजारच्या काकूंना फाटकातूनच म्हणालीस, "या ना काकू कधी जेवायला," आणि त्या काही बोलायच्या आत गाडी सुरू केलीस. बिचाऱ्या दोनदा येऊन विचारून गेल्या, "नागपुरात कुठं राहते जी तुमची नात? कोणत्या वारी सुट्टी राहते तिले?" मी काय सांगू त्यांना?

आणि कोणत्या तोंडाने रागावू तुला? हेच मी एकदा केलं आहे. तुझ्या आजोबांनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज सांगते.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तेव्हा आपला जिल्हा भंडारा, आणि नुकतंच आपल्याला मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातलं होतं. आपल्याकडच्या गोरेगावच्या रस्त्याला आपल्या घराच्या पुढच्या पडवीत मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, दोन बाकडी आणि एक भट्टी. मागे बांबूचा तट्टा, आणि तट्ट्याआड मी भजी काढायची. सुनेने गिऱ्हाइकापुढे यायचं नाही. पण कान कोणी बांधले नव्हते ना माझे!

रोज थांबायचे ते धान-तांदूळ वाहणारे तीन ट्रकवाले. एक पंजाबातून घरदार सोडून आलेला, मोठ्या आवाजाचा. एक आपल्यातलाच पोवार. तिसरा डोंगरगडकडचा छत्तीसगडी, कमी बोलणारा, आणि बोललाच तर आधी कप खाली ठेवणारा. तिघांच्या तीन बोली, आणि चहा संपेपर्यंत भांडण.

"आता मुंबईचं राज्य आलं," पोवार म्हणे, "आता नाक्यावरचा शिपाई मराठीत बोलन."

"मुंबईवाले की मराठी तेरे को समझेगी?"

"काऊन नाही समजणार?"

"अरे, गाली ही तो देगा. गाली हर बोली में समझ आती है, भाई!"

मी आत तोंडात पदर धरून हसायची. पोरी, दिवसभरात मला तेवढंच हसायला मिळे.

तर पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, तुला माहीत आहे. वर्षभर जू घासून खांद सुजलेली असते. तिला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." बैलाला झालं तरी आवतन आदल्या दिवशी द्यायचं. आयत्या वेळी हाक मारली तर त्याचा मान काय राहिला? मामाजी नुकतेच गोठ्यातून येऊन भट्टीपाशी बसले होते, हात अजून पिवळे.

बाकड्यावर तोच विषय. पोवार म्हणाला, "उद्या मी गाडी नाही काढत. पोळ्याले बैल जुंपत नाही, मंग गाडी कायले जुंपू?"

पंजाबी म्हणाला, "गाड़ी का त्योहार दशहरा है. नींबू बाँधो, नारियल फोड़ो, हो गया. कल बैल का दिन है."

"ओझं तर तेच वाहते ना गा!"

छत्तीसगड्याने कप खाली ठेवला. "हमर डहर तो हरेली हे. नांगर, कुदारी, सब ला धो के पूजथें." आमच्याकडे हरेलीला अवजारं धुऊन पूजतात.

"अच्छा," पंजाबी म्हणाला, "नांगर का हो गया, बैल का हो गया, गाड़ी का हो गया. ड्राइवर का कौन-सा?"

मी तट्ट्याच्या फटीतून पाहिलं, छत्तीसगडी आपला उजवा खांदा चोळत होता. तेव्हाचं स्टिअरिंग म्हणजे दगडी जातं. तो हळूच म्हणाला, "गाड़ी तो लोहा हे. खांद तो हमर पिराथे." गाडी लोखंडाची, खांदा दुखतो तो आमचा.

एकोणीस वर्षांची मी, जिभेला हाड नाही. आतूनच म्हटलं, "मंग घ्या ना भाऊ! आज आवतन घ्या, उद्या जेवायले या!"

काय हसले सगळे! मामाजींचा चहा सांडला. पोवार म्हणाला, "झाला बापा हा बैल! शिंगं रंगवा आता याचे."

तो एकटा हसला नाही. तट्ट्याकडे तोंड करून त्याने हात जोडले. म्हणाला, "आहूँ दीदी." येईन.

त्याच्याकडे बैलाला असं आवतन देत नसतील, हे माझ्या लक्षात आलं होतं. तो हसला नाही, हेही मी पाहिलं. "भाऊ, ठट्टा केला जी," एवढंच म्हणायचं होतं. तेलात भजी होती, ती जळतील असं मनाशी म्हटलं आणि गप्प राहिले.

पोळ्याच्या दिवशी तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरी आले. ननंद-नंदोई आलेले, आंगण भरलेलं. आत्याबाईंनी, माझ्या सासूने, बैलांचे पाय धुतले, सुपात पुरणपोळी आणि वडे वाढले, वर तूप सोडलं. आणि बैलांच्या मागे तो उभा. पांढरा सदरा, केसांना तेल, हातात मातीचा चाकं लावलेला बैल. तट्ट्याआड माझं लेकरू रडे ते त्याने ऐकलं असणार. ते लेकरू म्हणजे तुझा बाप.

मामाजी म्हणाले, "काऊन गा, गाडी फसली का कोठं?"

"नहीं बाबूजी. दीदी न्योता दिस हे." दीदीने आवतन दिलं आहे.

"कोन दीदी?"

"तट्टा वाली."

आम्ही तिघी-चौघी पडवीत डोक्यावरून पदर घेऊन उभ्या. तो एकेकीकडे पाहू लागला. त्याने माझं तोंड कधी पाहिलंच नव्हतं, ओळख होती ती आवाजाची. मी एक शब्द बोलले असते तर त्याने ओळखलं असतं. म्हणूनच मी बोलले नाही. ऐकते आहेस ना? घाबरून नाही, विचार करून गप्प राहिले.

मग मामाजींना आठवलं. "अरे बापा! ते तर बैलाचं आवतन होतं गा!"

नंदोई म्हणाले, "मंग बांधा ना गोठ्यात, एक दावं मोकळंच आहे."

सगळे हसले. मीही हसले, तोंडात पदर धरून, रोजच्यासारखी. सगळ्यांत शेवटी तोही हसला.

परजातीचा माणूस आमच्या पंगतीला बसत नसे तेव्हा. आत्याबाईंनी पळसाच्या पानात चार वडे आणून पडवीच्या काठावर ठेवले आणि हात मागे घेतला. त्याने ते पान कपाळाला लावलं. मातीचा बैल तिथंच काठावर ठेवला आणि निघून गेला. पाठीमागे आपले बैल सुपातली पुरणपोळी खात होते.

दुसऱ्या दिवशी नारबोद, म्हणजे मारबतीची बाहुली, काढली. गावची इडापीडा, खोकला, ढेकूण, मच्छर, सगळं ओरडून ओरडून तिच्यासोबत सीमेबाहेर घालवलं. माझं मात्र घरातच राहिलं.

त्याची गाडी त्यानंतर आपल्याकडे थांबेना. पंधराएक दिवसांनी पंजाबी चहा घेता घेता तट्ट्याकडे पाहून म्हणाला, "बहनजी, उस दिन उसने मेरे साथ फेरी बदली थी. मुझसे पूछता था, कौन-सी कमीज़ पहनूँ. कहता था, इस तरफ़ किसी ने पहली बार घर बुलाया है." मग पैसे ठेवता ठेवता, "बैल को बुलाया, बैल ने खाया. बुलाया तो उसको भी था."

पोवार खाली मान घालून म्हणाला, "मीबी हासलो होतो."

तो पंजाबी, परका माणूस, तेवढं तरी बोलला. मी आत झारा हलवत राहिले.

इथंच संपलं असतं तरी बरं होतं. दिवाळीच्या आधी त्याच्या गाडीचं चाक नेमकं आपल्या दारासमोर फुटलं. रस्त्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली तो दुपारभर बसला. भट्टीवर चहा उकळत होता, मामाजी शेतावर गेलेले. तट्ट्याआडून "भाऊ, चूक झाली, चहा घ्या," एवढं म्हणायला कोणी अडवलं नव्हतं. मी भांडीसुद्धा वाजू दिली नाहीत, आत कोणी आहे हे त्याला कळू नये म्हणून. तो शाळेच्या विहिरीवर जाऊन पाणी प्यायला. चाक बदलून गेला.

मातीचा बैल तुझ्या बापाने चाखून चाखून थंडीपर्यंत विरघळवला.

तर पोरी, काकूंना मी सांगितलं आहे की नातीने मला तारीख विचारायला लावली आहे. खोटं बोलले, ते तू खरं कर. पोळ्याला ये. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात जा, चप्पल काढून आत बस आणि नीट आवतन दे. दुसऱ्या दिवशी इथंच, माझ्या पंगतीला, दोघी शेजारी बसा. वडे मी करते, हात अजून चालतात. पोळ्याला वेळ असेल तर त्याच्या आधीच ये. लवकर ये.