एकविसाव्या दिवशी फर्दापूरला

सकाळी साडेसातच्या एसटीनं आम्ही अजिंठ्याला निघालो तेव्हा मुसाच्या फोनची बॅटरी निम्मी होती आणि माझा उत्साह मात्र पुरेपूर. मुसा आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनहून फार्मसी शिकायला आलेला, तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेला, पण इथली हिंदी पक्की उचललेला. त्या साली तिकडे इबोलाची साथ आली होती. त्याच्या आईनं एका आजारी शेजारणीला पाणी पाजलं, शेजारीण इबोलानं गेली, आणि आईला एकवीस दिवस घरातच देखरेखीखाली ठेवलं. तेवढ्या दिवसांत ताप आला नाही तर सुटका. आज एकविसावा दिवस होता. तिकडे सकाळी आठला आरोग्यसेवक ताप मोजणार, म्हणजे आपल्याकडे दुपारी दीडला फोन येणार.

"तोवर पोर भिंतीकडे बघत बसेल. लेणी दाखवून आणा त्याला," असं आमच्या हिनं फर्मावलं.

वेशीवरचं हर्सूल मागे पडलं तरी शहर काही संपेना. कारखाने आल्यापासून त्यानं चांगलंच बाळसं धरलंय. पण फुलंब्रीच्या पुढं दुष्काळानं गाठलं. कपाशी गुडघ्याला लागेल एवढीच, नदीत नुसती वाळू, पुलाखाली क्रिकेट. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त मास्तर, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. हा विषाणू पहिल्यांदा कळला तेव्हा काँगोतल्या इबोला नदीचं नाव त्याला दिलं, वगैरे मी सांगत सुटलो. मुसा ऐकत होता आणि दर मिनिटाला फोन बघत होता.

पहिल्याच अंधाऱ्या लेण्यात छताला वटवाघळं चिरकली आणि मास्तर टुणकन मागे उडाले, ते थेट एका पर्यटक बाईंच्या पायावर! मुसा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

"ये तो किडे खानेवाले हैं, काका. उधर शक फल खानेवालों पे है. जंगल का बीमार जानवर मारके काटा, तो आदमी में आता. फिर उल्टी से, खून से, मय्यत को नहलाने से फैलता."

"आणि हवेतून?"

"नक्को डरो. साँस से नै फैलता. बीमार को अलग रखना, हाथ धोना, मय्यत को हाथ नै लगाना. बस."

तासच घेतला पोरानं माझा.

पाऊण वाजता फर्दापूरला परतलो आणि फोनानं मान टाकली. गयाबाईंच्या खानावळीत शिरलो तर लाईट गेलेली. मुसाचा चेहरा उतरला. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, चुलीवर शेवेची भाजी, दारात रिकामे ड्रम. गयाबाई म्हणाल्या, "बसा. टँकर येऊ द्या. डायवरच्या केबिनीत फोन चार्जिंगला लावते."

मग त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मुसा सवयीनं म्हणाला, "मेरेकु कागज का गिलास दो, खाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ती सवय आमच्या घरची. साथीची बातमी आल्यापासून आम्ही त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. निळ्या फुलांचा, दांडा तुटलेला. तीन वर्षं हललाच नाही तो रोग आणणार कुठून, हे मास्तरांना कळत होतं. तरी ठेवला.

"कागदाचा कशाला?" गयाबाई म्हणाल्या. "वेगळा गिलास आमच्या आज्यानं लई पाहिला, बाळा. इथं तांब्या एकच. पी."

एक वाजता टँकर आला. ड्रम भरेपर्यंत फोन केबिनमध्ये लटकला. आम्ही समोर भाकरी ठेवून बसलो. दीड वाजला. पावणेदोन झाले. मुसा ओठ चावत होता आणि मला देव आठवत होते. एक वाजून बावन्न मिनिटांनी ड्रायव्हर ओरडला, "वाजतोय! वाजतोय!"

मुसा धावला. "मामा, आव दी बॉडी?" (आई, तब्येत कशी?) पलीकडून एवढा खणखणीत आवाज आला की ड्रमाजवळच्या बायांनाही ऐकू गेला, "दी बॉडी फाइन!" (तब्येत झकास.) मुसा केबिनच्या पायरीवरच बसला आणि रडत रडत हसू लागला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

गयाबाईंनी फोन हिसकावून घेतला. "माय, पोरगं माझ्याकडं हाय. जेवल्याबिगर सोडत नाय त्याला. तू घोर करू नगं." पलीकडून "तेंकी, तेंकी" (उपकार झाले) येत राहिलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नाही, तरी दोघी हसत होत्या. मग गयाबाईंनी नव्या पाण्याचा भरला तांब्या मुसाच्या हातांवर रिता केला, दुष्काळात, अख्खा. भाजी आम्ही दोनदा वाढून घेतली.

येताना बसमध्ये मुसा शांत झोपला आणि मी जागा. त्याच्या आईचं वेगळं राहणं कारणाचं होतं, म्हणून एकविसाव्या दिवशी संपलं. आमच्या कपाला ना कारण होतं, ना शेवटचा दिवस.

घरी पोचलो. बातमी ऐकून हिनं मुसाच्या हातावर साखर ठेवली आणि चहा टाकला. ट्रे आला तसा मी दांडा तुटलेला कप उचलून तोंडाला लावला.

मुसा म्हणाला, "काका, वो मेरा कप है."

"होता," मी म्हणालो.